फ्लॉवरच्या लाँड्रीतलं वजन

माझ्या भावाचे कान पहिल्यांदा पाहणारा माणूस आधी दचकतो आणि मग हसू दाबतो. दोन्ही कान सुजून, घट्ट होऊन फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे झालेत. तरुणपणी तो रग्बी खेळायचा, तेही स्क्रमच्या मधोमध. स्क्रम म्हणजे आठ जण इकडचे, आठ जण तिकडचे, डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात तो प्रकार. त्यात जो दोन आडदांड गड्यांच्या खांद्यांवर लटकून पायानं बॉल मागे ओढतो त्याला हुकर म्हणतात. त्या जागेवर कानांची पार वाट लागते. तेव्हापासून सगळी गल्ली त्याला फ्लॉवर म्हणते. लाँड्रीच्या पाटीवर दुसरंच नाव आहे, पण ते वाचतो फक्त वीजबिलवाला.

मी त्याची धाकटी बहीण. दादा धुतो, मी इस्त्री करते. गिऱ्हाइकांशी भांडायचं कामही माझ्याकडेच आहे, कारण दादाला भांडता येत नाही. शर्टाचं बटण तुटलं म्हणून कुणी आवाज चढवला की हा एवढा धिप्पाड माणूस खाली मान घालून "चुकलं हो" म्हणतो. बटण गिऱ्हाइकाच्याच पोटानं तुटलेलं असतं. मी तसं सांगते.

तुटलेली बटणं मात्र दादा टाकत नाही. मशीनच्या जाळीत अडकलेली, ड्रायरच्या तळाशी सापडलेली, सगळी एका पत्र्याच्या डब्यात जातात. त्यांचं काय करतात ते सांगते, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. रग्बीची मोठी जागतिक स्पर्धा जवळ आली, गट ठरले, पण संघांतली नावं अजून जाहीर व्हायची असली की मधल्या एका रविवारी आमच्याकडे 'वजन' असतं. जमलेल्या प्रत्येकाला पावडर मोजायचा एकेक मग भरून बटणं मिळतात. मोजे धुवायच्या जाळीच्या पिशव्या ओळीनं टांगलेल्या असतात, एकेका संघाची एकेक. ज्या संघात जेवढा दम दिसतो तेवढी बटणं त्याच्या पिशवीत टाकायची. मग कपडे तोलायच्या काट्यावर एकेक पिशवी चढते आणि कोणाची किती शक्यता ते ठरतं. संघ जाहीर झाल्यावर काय, शेंबडं पोरही अंदाज सांगेल, असं मास्तरांचं म्हणणं.

मास्तर म्हणजे शाळेतले खेळाचे मास्तर. आता निवृत्त आहेत, पण पूर्वी रेफरी होते, त्यामुळे चहात साखर कमी पडली तरी हात वर करून फाउल देतात. वजनाचा नियम त्यांनीच घातला: मन बाहेर, डोळे आत. म्हणजे कोण जिंकावं असं तुम्हाला वाटतं ते दाराबाहेर ठेवून यायचं. आत फक्त जे दिसतं ते बोलायचं. नियम मोडला की सगळ्यांचा चहा त्याच्यावर. आजवर सर्वांत जास्त चहा बसड्रायव्हर बाईंनी पाजला. बाईंचा हात स्टिअरिंगवर कधी थरथरत नाही, पण आपला संघ मैदानात उतरला की त्यांचे डोळे भरून येतात. भरल्या डोळ्यांना दिसणार काय? चौथे समोरचे दातांचे डॉक्टर. त्यांचं रग्बीवर प्रेम असणारच. खेळाडू दात पाडून घेतात, हे बसवतात. मी त्यांच्या तोंडावर म्हटलंय, तेही हसले होते.

संघांना आम्ही देशांच्या नावानं हाक मारत नाही. धुलाईच्या धंद्यातली सवय, सगळं रंगावर. काळ्या, पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, आणि आपल्या त्या विटकरी. कोणता रंग किती धुण्यात विटतो हेही दादा सांगेल, कुणी विचारलं नाही तरी. 'काळ्या', 'निळ्या' म्हणतेय ते यंदाची बायकांची स्पर्धा म्हणून. पुरुषांच्या स्पर्धेचंही वजन होतं, पण बायकांच्या वेळी दादाचा जीव थाऱ्यावर नसतो. कारण पिटुकली.

पिटुकली ही दादाची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून ते नाव पडलं. आता ती आत आली की दाराची चौकट अंग चोरते. ती शाळेत असतानाच वहिनी गेली. मग दादानं पोर वाढवली ती दुकानामागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींमध्ये. रग्बीत बॉल रेषेबाहेर गेला की दोन्ही संघ समोरासमोर रांगा करून उभे राहतात आणि हुकर त्या रांगांच्या मधून डोक्यावरून सरळ बॉल फेकते. दादानं दोन दोऱ्यांवर चादरी घालून मधे वीतभर फट ठेवली होती. पोरगी संध्याकाळभर त्या फटीतून बॉल फेकायची. चादरीला बॉल लागला की ती चादर तिनंच पुन्हा धुवायची. मी ओरडायचे, अरे हॉस्पिटलच्या चादरी आहेत, जरा तरी लाज बाळगा. ऐकतंय कोण.

बापलेकीचं बोलणंही सगळं त्यातलंच. इतरांच्या पोरी बापाला सांगतात, मैत्रिणीशी भांडले, पोटात दुखतंय, आईची आठवण येते. ही सांगायची, "बाबा, आज माझा बॉल सारखा डावीकडे जातोय." की दादा ओळखायचा, काहीतरी बिनसलंय. मग तो तिला खांदा कसा धरायचा, पाय कुठे ठेवायचे ते दाखवायचा, आणि अर्ध्या तासात पोरगी गाणं गुणगुणत आत यायची. मी दोघांकडे बघत राहायचे. मनातलं एक अक्षर न बोलता यांचं कसं भागतं, मला कळायचं नाही. पण भागायचं, हे खरं.

दादा स्वतः देशाकडून खेळला का, असं नवीन माणूस हमखास विचारतो. उत्तर देताना दादा मशीनचं झाकण उघडून आत बघतो. एकदा त्याची निवड झाली होती. विटकरी जर्सी मिळाली, वरून गरम कपडे चढवून बाकावर बसला. त्या काळी मैदानातला कोणी जायबंदी झाला तरच बाकावरच्याला आत घ्यायचे. त्या दिवशी कुणालाही काहीही झालं नाही. सामना संपला, बाकीच्यांच्या जर्स्या चिखलानं माखलेल्या आणि याची कोरी. घरी येऊन त्यानं ती जर्सी धुतली. मी विचारलं, अरे मळली कुठाय? तर म्हणाला, "घामाची आहे." पुढे पुन्हा बोलावणं आलं नाही. तेव्हापासून बाकावर बसलेला खेळाडू टीव्हीवर दाखवला की तो उठून दुसरं काहीतरी करायला जातो.

पिटुकली फिजिओथेरपी शिकायला परदेशी गेली, तिकडेच नोकरीला लागली आणि एका क्लबकडून खेळायला लागली. इकडच्या निवड समितीला तिचे सामने पाहा म्हणून दादानं किती जणांकडून निरोप धाडले. समितीतल्या लोकांना डोळे चष्मा टेकवण्यापुरतेच दिलेले, असं माझं मत आहे. वर्षं गेली. एकदा ती येऊन गेली, तीही इतकी धावती की तिचे कपडे मशीनमधून निघेपर्यंत तिची जायची वेळ झाली. उरलेला एक पायमोजा दादानं टेबलाच्या खणात ठेवलाय. "पोस्टानं पाठवतो" म्हणतो. अजून पाठवतोय.

दर रविवारी फोन यायचा. दादाला ऐकू कमी येतं, एवढे मोठे कान काय शोभेचे. म्हणून तो फोन स्पीकरवर टाकून इस्त्रीच्या टेबलावर ठेवतो आणि सगळी लाँड्री ऐकते. तू कशी आहेस, मी कसा आहे, हे एका दमात उरकायचं आणि मग स्क्रम. फोन ठेवला की दादा बराच वेळ त्याच टेबलाशी उभा. "बाजूला हो, वाफ लागेल" म्हटलं की सरकायचा, पण टेबल सोडायचा नाही. त्याला पोर हवी होती. इतकं साधं होतं ते. घरात पोर हवी होती, मागे बॉल आपटल्याचा आवाज हवा होता, आणि ते मागायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. तो एकच मार्ग धरून बसला होता: आपल्या देशाकडून बोलावणं आलं की ती येईल.

रग्बीत असा नियम आहे की परक्या देशात सलग पाच वर्षं राहिलं की त्या देशाकडून खेळता येतं. पण एकदा एका देशाकडून मैदानात उतरलं की दुसऱ्याचं दार जवळजवळ बंदच. पिटुकलीची पाच वर्षं भरली तेव्हा दादाच्या तोंडचं पाणी पळालं. ती जिथे राहते तो देश म्हणजे निळ्या.

आणि यंदा वजनाच्या आधीच्या शुक्रवारी, रविवार नसताना, तिचा फोन आला. मी एका नवरदेवाच्या कोटाची इस्त्री करत होते. दादानं ओल्या हातानं फोन घेतला.

"बाबा, आपल्याकडून बोलावणं आलंय. विटकरीच्या शिबिरासाठी."

दादा खाली बसला. स्टुलावर साबणाच्या पावडरची पिशवी होती, तो तिच्यावरच बसला.

"आणि इकडच्या निळ्याही विचारतायत," ती म्हणाली. "दोघांनाही सोमवारी कळवायचंय. बाबा, मी काय करू? येऊ?"

आता तुम्हीच सांगा. ज्या दिवसाची हा माणूस वर्षानुवर्षं चातकासारखी वाट बघतोय तो दिवस फोन करून स्वतःच विचारतोय, येऊ का. कोणीही काय म्हणेल? माझ्या तोंडावर उत्तर आलंसुद्धा होतं. पण दादा म्हणजे दादा. घसा खाकरून म्हणाला, "रविवारी वजन आहे. ते होऊ दे. मग सांगतो."

मग ती म्हणाली, "बरं."

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का?" फोन ठेवल्यावर मी म्हटलं. "पोरीनं विचारलं आणि तू तिला बटणं दाखवतोस?"

"तिच्या खेळाचा प्रश्न आहे," दादा म्हणाला. "मी बाप आहे, माझ्या डोळ्यांना धड दिसणार नाही. चार जणांनी पाहिलं की खरं काय ते कळेल."

शनिवारी त्यानं दुकान मला सोपवलं आणि वरची खोली रिकामी करायला घेतली. ती पिटुकलीची खोली, पण आता तिथे लोकांनी धुवायला टाकून न नेलेले गठ्ठे भरलेत. लोक शहर सोडतात, लग्नं मोडतात, माणसं मरतात, कपडे आमच्याकडे राहतात. दादा एकेक गठ्ठा खाली आणून जिन्याखाली रचत होता. तिची रजई धुतली, वास आवडला नाही म्हणून परत धुतली. खिडकीचा पडदा मला इस्त्रीला दिला. मी म्हटलं, वजनाआधीच निकाल लागला वाटतं. तर म्हणाला, "धूळ फार झाली होती." लपवायचं म्हटलं तर ह्या माणसाला धड लपवताही येत नाही.

रविवारी सगळे आले. मशिनी बंद होत्या, त्यामुळे आमचे आवाज जरा मोठेच वाटत होते. काळ्यांची पिशवी पटापट भरली, त्यावर वाद नव्हता. पांढऱ्यांवरून मास्तर आणि डॉक्टरांची जुंपली. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या पुढच्या फळीत इतकी ताकद आहे की भिंत रेटतील. मास्तर म्हणाले, भिंत रेटून ट्राय होत नाही, बॉल घेऊन रेषेपलीकडे जावं लागतं. हिरव्यांना बाईंनी चिमूटभर बटणं टाकली, भिकाऱ्याला टाकतात तशी.

मग आपल्या विटकरी. बाईंनी आपला मग तिरका केला आणि मास्तरांनी भुवया उंचावल्या. बाईंनी निम्मी बटणं परत मगात ओतली. "फेकणारीच धड नाही," त्या नाइलाजानं म्हणाल्या. "रेषेबाहेर गेलेला बॉल आपल्याला परत मिळतच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

दादा याचीच वाट बघत होता. त्यानं पिटुकलीची गोष्ट सांगितली. शिबिराचं बोलावणं, निळ्यांचं विचारणं, सोमवारची मुदत. बाईंनी तर टाळीच वाजवली. मास्तरांनी हात वर केला.

"मन बाहेर," ते म्हणाले. "फ्लॉवर, तुला खरं ऐकायचंय ना?"

"त्यासाठीच तर बोलावलंय."

मास्तरांनी खरं सांगितलं. शिबिरात आधीच दोन हुकर आहेत, एक कर्णधाराची लाडकी, दुसरी प्रशिक्षकाची. तिसरी बोलावतात ती सरावात मार खायला. स्पर्धेला नेली तरी ती बाकावर बसेल, बाटल्या देईल, टॉवेल उचलेल. डॉक्टर खाली बघत म्हणाले, निळ्यांची हुकर गुडघ्यानं गेलीय, तिथे आपली पोर पहिल्या दिवसापासून मैदानात असेल. बाईंनी मगातली बटणं बोटांनी चाळवली. शेवटी बोलल्या, "तिकडे गेली तर निळ्या कुठच्या कुठे जातील. मला बोलवत नाही, पण दिसतंय ते दिसतंय." आणि त्यांनी उरलेली बटणं निळ्यांच्या पिशवीत ओतली. बाईंनी. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नियम पाळताना पाहिलं, आणि नेमकं त्या दिवशी.

शेवटचा मग दादाचा. तो ओळीपुढे उभा राहिला. विटकरी पिशवी इतकी हलकी की पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती. मला वाटलं, टाक रे बाबा त्यात, चहा मी पाजते सगळ्यांना, जन्मभर पाजते. त्यानं आपला मग निळ्यांच्या पिशवीत रिकामा केला. काट्यावर निळ्या काळ्यांच्या बरोबरीला आल्या.

मग दादानं सगळ्यांसमोरच फोन लावला.

"पिटुकले, तिकडेच खेळ," तो म्हणाला. "इथे तुला बाकावर बसवतील. तिकडे तू मैदानात उतरणाऱ्या पहिल्या पंधरात आहेस."

"तुम्हाला असं वाटतं?"

"वाटण्याचा प्रश्न नाही. वजन केलंय."

"बरं, बाबा," ती म्हणाली. "ठेवते."

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, डॉक्टरांनी हात मिळवला. बाप असावा तर असा, वगैरे. दादा हसला, चहाचे कप गोळा केले, पिशव्या सोडल्या, बटणं डब्यात ओतली. सगळे गेल्यावर जिन्याखालचा एक गठ्ठा उचलला आणि परत वर घेऊन निघाला. मी विचारलं, आत्ताच कशाला? तर म्हणाला, "येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण होते." त्या दिवशी त्यानं सगळे गठ्ठे परत तिच्या खोलीत नेऊन रचले, आणि मी पायऱ्यांवर त्याच्या पावलांचा आवाज ऐकत खाली बसून राहिले. पडदा मात्र मी परत काढू दिला नाही.

काही दिवसांनी निळ्यांचा संघ जाहीर झाला. पिटुकलीचं नाव होतं. गल्लीत पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. परक्या रंगाचा असला तरी फोटो आपल्या पोरीचा. डॉक्टरांनी तो दवाखान्यात लावला, दातांच्या चित्राशेजारी. पण रविवारचे फोन आखूड झाले. "सराव आहे बाबा." "दमलेय बाबा." दादा म्हणायचा, मोठ्या स्पर्धेचं दडपण असतं. तो मला समजावत होता की स्वतःला, देव जाणे.

मग एका सकाळी दादा हॉस्पिटलच्या चादरी आणायला गेलेला असताना तिनं माझ्या फोनवर फोन केला. आवाजावरूनच कळलं. मी इस्त्री उभी करून ठेवली.

"आत्या," ती म्हणाली, "तुला एक विचारू? बाबांना मी तिकडे नकोय का?"

मला वाटलं पोरीला ताप आलाय. "काय बरळतेस?"

"मी त्यांना विचारलं होतं, येऊ का. त्यांनी मला टीमचं सांगितलं." ती रडत होती, पण रडणं दाबून, बापासारखी. "मला माहीत होतं गं की आपल्याकडे मी बाकावर बसणार. मला चाललं असतं. बाटल्या उचलायलाही चाललं असतं. शिबिराच्या निमित्तानं घरी राहता आलं असतं. मला नाही राहवत इथे आता. खोलीवर येते, कुलूप काढते, आणि आत कोणी नसतं."

"मग तसं सांगायचं ना, बयो."

"विचारलं तर होतं. येऊ म्हणून. आणखी कसं विचारतात?"

मग तिनं बाकीचंही सांगितलं. निळ्यांच्या संघात घेतानाच क्लबनं नव्या करारावर सही घेतलीय. निळ्यांनी उपांत्य फेरी गाठली तर तिला पुढची तीन वर्षं तिकडेच खेळावं लागणार. नाही गाठली तर जुन्या कराराची मुदत संपतेय, ती मोकळी. "सही करताना मला वाटलं, नाहीतरी घरी कोण वाट बघतंय," ती म्हणाली.

दादा चादरींची ढकलगाडी घेऊन दारात आला तो माझ्या तावडीतच सापडला. मी त्याला धड गाडी आत घेऊ दिली नाही. म्हटलं, "मोठा आलाय डोळे आत ठेवणारा. तिनं विचारलं काय आणि तू सांगितलंस काय? पोर घरी येऊ का म्हणाली. घरी. आणि तू तिला पहिले पंधरा मोजून दाखवलेस. चार टाळकी बसवून बटणं तोललीस. पोरीला वाटतंय बापाला मी नकोय."

दादा गाडीचा दांडा धरून उभा होता. "मला वाटलं तिला खेळायचंय," तो म्हणाला.

"आणि तिला वाटलं तुला ती खेळलेली हवीय. एक जण मेलं तोंड उघडेल तर शपथ. वहिनी असती तर दोघांच्या पाठीत रट्टे घातले असते."

तो दारातच उभा राहिला. मागे एक गिऱ्हाईक पिशवी घेऊन आलं, मी त्याला उद्या या म्हणून पिटाळलं. आमच्याकडे असं कधी होत नाही. मग दादानं हात पुसले, फोन घेतला, नेहमीसारखा स्पीकरवर टाकला आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. तिकडे दुपार असावी. तिनं उचलला.

"पिटुकले," तो म्हणाला, "मी चुकीचं सांगितलं."

"नाही बाबा, बरोबरच होतं. मी इथे खरंच पहिल्या पंधरात आहे."

"चुलीत घाल ते पंधरा." दादाच्या तोंडून असं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. "तू विचारलंस येऊ का. त्याचं उत्तर ये असं होतं. पहिल्या दिवसापासून तेच आहे. खेळ नाहीतर नको खेळू, बाकावर बस, मला काय करायचंय. मला तू घरात हवीयेस. सकाळी मशीन लावतो तेव्हा मला वाटतं मागे बॉल आपटला, मी बघायला जातो. रोज जातो गं. मागे कोणी नसतं."

मी तोंड फिरवून कुणाच्या तरी शर्टाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"आता सही झालीय, बाबा," ती शेवटी म्हणाली.

"ठाऊक आहे. उपांत्य फेरी गाठली नाही तर तू येणार ना?"

"येणार. कायमची."

"मग हरा."

"बाबा."

"हरा म्हणतोय ना. काळ्यांकडून हरा, पांढऱ्यांकडून हरा, आपल्या विटकरीकडून हरा. ज्या समोर येतील त्यांच्याकडून हरा आणि सरळ घरी ये. जन्मभर रग्बी बघतोय मी, आजवर कुणासाठी असं मागितलं नाही. आता मागतोय."

ती हसली. रडता रडता हसणं असतं ना, तसलं. मग अगदी हळू, माफी मागितल्यासारखं बोलली.

"पण बाबा, आम्ही चांगल्या आहोत हो. फार चांगल्या आहोत."

"ठाऊक आहे गं," दादा म्हणाला. "तेच तर."